पालक बालपणी अनुपस्थित

हे लिहिणारच नव्हतो. आपली लाज आपणच कशाला टाइप करायची? पण आता केलीय सुरुवात.

तर माझी आई वयाच्या बावन्नाव्या वर्षी मानसशास्त्रात एम.ए. करायला निघाली. सगळे कागद बरोबर होते. फक्त प्रवेश अर्जात ‘पालकाची सही’ हा रकाना रिकामा होता.

“आईवडील नाहीत हो आता,” आई म्हणाली.

“रकाना आहे ना पण,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. “घरातलं कोणीही चालेल. जबाबदार माणूस पाहिजे.”

जबाबदार माणूस घरात नव्हता, म्हणून मी सही केली. नातं: मुलगा. बाईंनी ते खोडून ‘पालक’ केलं आणि वर शिक्का मारला.

मला गंमत वाटली. आठवडाभर मी आईच्या मागे “अभ्यास झाला का?” करत फिरलो. “आधी ताट उचल,” ती म्हणायची. पाल्य उलट बोलतं, अशी मी मनात नोंद केली.

मग पत्र आलं. ‘आपल्या पाल्याच्या प्रगतीबाबत समक्ष भेटावे. अन्यथा हॉल तिकीट देता येणार नाही.’ परीक्षा बारा दिवसांवर. आईच्या चार वह्या भरल्या होत्या, समासात लाल पेनाने स्वतःलाच प्रश्न विचारलेले.

“जाऊन ये रे,” ती म्हणाली, “आणि तिथे शहाणपणा करू नकोस.”

विभागप्रमुख सर माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे असतील. फाईल उघडून गंभीर झाले.

“हुशार आहे. पण हात वर करते आणि लगेच खाली घेते. याचं मूळ बालपणात असतं. लहानपणी तुम्ही तिला प्रोत्साहन दिलं होतं?”

“सर, तिच्या लहानपणी मी नव्हतो.”

सरांनी लिहिलं: पालक बालपणी अनुपस्थित.

“नोकरीनिमित्त बाहेर?”

“नाही, जन्मलोच नव्हतो.”

“कारणं सगळेच देतात.” लिहिलं: जबाबदारी टाळतो.

“अहो सर, ती माझी आई आहे!”

सरांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. मग लिहिलं: पाल्यामध्ये आईला शोधतो.

निकाल लागला. दोष पाल्यात नाही, पालकात आहे. पालकाचं समुपदेशन व्हावं, समुपदेशकाने ‘सुधारणा दिसते’ असं लिहून द्यावं, मगच हॉल तिकीट. विभागातले विद्यार्थीच समुपदेशन करतात, सराव म्हणून. यादीप्रमाणे मला खोली क्रमांक सात मिळाली. आत वही उघडून आई बसलेली.

“बसा,” ती म्हणाली.

“आई, पटकन ‘सुधारणा’ लिही, निघू.”

“इथे मॅडम म्हणायचं. आणि खोटं मी लिहिणार नाही, हॉल तिकीट गेलं तरी. तुमच्या पाल्याने फॉर्म आणला तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

मी पंख्याकडे बघितलं. “‘या वयात कशाला’ म्हणालो.”

“अजून?”

“मित्रांच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकला. पाठीला दप्तर असलेला. हसून हसून रडणारी तोंडं लावून.”

हे तिला माहीत नव्हतं. पेन थांबलं. मग तिने काहीतरी लिहिलं.

“सुधारणा?”

“कबुली. सुधारणेसाठी उद्या या. वेळेवर.”

रोज गेलो. दहाव्या दिवशी मॅडमनी ‘किंचित सुधारणा दिसते’ लिहिलं, किंचितखाली रेघ मारून. अकराव्या दिवशी हॉल तिकीट आलं. बाराव्या दिवशी आई पेपरला बसली आणि मी फाटकाबाहेर पाण्याची बाटली धरून उभा राहिलो, इतर पालकांसारखा.

ग्रुपवर सगळ्यात जास्त हसलेल्या मित्राला परवा हे सगळं सांगितलं. तो लोळायचा बाकी होता.

“तुझी आई किती शिकलीय रे?” मी विचारलं.

त्याचं हसू अडकलं. “दहावी... नाही, थांब. विचारून सांगतो.” मग हळूच म्हणाला, “हे लिहिणार असशील तर माझं नाव टाकू नको हां, यार.”

“नाही टाकत, शब्द दिला,” मी म्हणालो. “नुसतं ‘वाचक’ लिहीन.”