घ्रंबूळचा अर्थ काय?

दातकाकांनी उभ्या आयुष्यात कधी शिवी दिली नव्हती, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांच्या कादंबरीच्या मुळावर आली.

दातकाका हे नाव त्यांना मुलांनी दिलेलं. घराच्या मागच्या खोलीत ते कवळ्या बनवायचे. पुढच्या खोलीत त्यांची बायको बालवर्ग चालवायची. तिला सगळे बाई म्हणत. दोन सतरंज्या आणि एक फळा घेऊन तिने सुरू केलेला वर्ग आता कुठे जरा भरायला लागला होता. मधे दाराऐवजी पडदा. मुलं तो सारून टेबलावर मांडलेले प्लास्टरचे जबडे बघून जायची. (घाबरायचं कुणीच नाही. दातकाकांना घाबरायची त्या घरात पद्धतच नव्हती.)

फावल्या वेळात दातकाका विज्ञानकथा लिहायचे. म्हणजे कित्येक वर्षं एकच कादंबरी लिहीत होते. शनीच्या एका उपग्रहावर बर्फ खणणाऱ्या खाणकामगारांची. कितीतरी ठिकाणांहून परत आल्यावर अखेर एका संपादकांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि फोन केला.

"गोष्ट फर्मास आहे हो," संपादक म्हणाले, "पण तुमचे कामगार बोलतात कसे? पाइप फुटलाय, प्राणवायू चाललाय, आणि मुकादम म्हणतो, 'अरेरे, फारच गैरसोय झाली'! शिव्या घाला जरा. आपल्या नकोत, लायब्ररीवाले हात लावणार नाहीत. तिथल्या घाला, नव्या. तेवढं जमवा, लगेच छापतो."

छापतो! दातकाका त्या शब्दावर दिवसभर तरंगत होते. मग जमिनीवर आले. शिवी पाडायची कशी?

आपल्याकडच्या शिव्यांची त्यांनी मनातल्या मनात उजळणी केली. (मनातल्या मनात असूनही त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.) निम्म्या कुणाच्या तरी आईबहिणीला ओढणाऱ्या, उरलेल्या कुत्र्यागाढवांना. शनीवर गाढव कुठून आणणार? आणि इतक्या लांब पोचलेला माणूस स्वतःच्या रागात दुसऱ्याची आई तरी कशाला ओढेल? निदान तेवढा तरी तो सुधारलेला असावा, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. म्हणजे शिवी हवी, पण तिच्यात अपमान कुणाचाच नको. पोहायचं, पण भिजायचं नाही.

शेवटी धंदाच मदतीला आला. कवळी नीट बसली की नाही, हे माणसाला बोलायला लावून बघतात. कुठल्या अक्षराला जीभ कुठे जाते आणि ओठ कुठे, हे दातकाकांना पाठ होतं. घशातून खरवडत निघून ओठांवर आपटेल असा शब्द त्यांनी जुळवला. घ्रंबूळ. कागदावर तर झकास दिसला. पण शिवी कागदावर कळत नाही, ती द्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिश करून झालेली कवळी त्यांच्या हातून निसटली, फरशीवर आपटली आणि पुढचे दात टेबलाखाली गेले. अशी संधी का सोडायची? दातकाकांनी छातीभर श्वास घेतला आणि ओरडले, "घ्रंबूळ!"

पडद्यापलीकडची कविता थांबली. मग एक बारीक आवाज म्हणाला, "घ्रंबूळ." आणि मग अख्खा वर्ग.

बाई पडदा सारून आत आल्या. "अहो, काय होतं हे?"

"शिवी."

"तुम्ही दिलीत?" (त्यात रागापेक्षा आश्चर्यच जास्त होतं. दातकाकांना ते लागलं.)

"अगं, खोटी आहे. तिला काही अर्थच नाही."

"ते तुम्हाला माहीत. मुलांनी तुमचा आवाज ऐकला ना!"

बाईंचंच खरं झालं. ठोकळ्यांचा मनोरा पडला की घ्रंबूळ. बुटाची नाडी सुटली की घ्रंबूळ. तिथवर ठीक होतं. पण आठवडा संपायच्या आत पालक एकदम येऊन दारात उभे राहिले.

"आमची मुलगी काल पाहुण्यांसमोर आजोबांना घ्रंबूळ म्हणाली," बँकेतले कॅशियर म्हणाले. "आजोबा जेवले नाहीत हो! काय अर्थ आहे त्याचा?"

दातकाका पुढे झाले. चूक त्यांची होती, निस्तरायला नको? "काहीच अर्थ नाही."

"सांगताही येत नाही इतका वाईट?"

"नाही हो! शनीवरचे कामगार म्हणतात, पाइप फुटला की."

"कसला पाइप?" असं म्हणत एका नर्सबाईंनी मुलाच्या कानांवर हात ठेवले.

दातकाका जितकं समजावत गेले तितका तो बापडा शब्द घाणेरडा होत गेला. शेवटी कॅशियर म्हणाले, "उद्यापासून मुलीला पाठवायचं की नाही, ते आता ठरवावं लागेल." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाईंचा चेहरा उतरला. तो बघून दातकाकांना आयुष्यात पहिल्यांदा खरोखरचा संताप आला. ते आणखी एक पाऊल पुढे झाले.

"तुम्ही... तुम्ही सगळे ना..." सगळे श्वास रोखून वाट बघू लागले. "...फारच गैरसोय करताय हो!"

तेव्हा त्यांच्याकडे न बघताच बाई शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या. मी बघते."

दारात एकदम सामसूम झाली. कॅशियर तर खाली मान घालून बुटांकडे बघू लागले. त्यांच्याही घरी हे वाक्य असणार.

मग बाई बोलल्या. "आधी मनोरा पडला की मुलं एकमेकांना बोचकारायची. आता ओरडतात आणि हसतात. शब्द ठोकळ्याला चालेल, माणसाला चालणार नाही, एवढं शिकवायचं राहिलं. ते माझं काम, मी करीन. आणि आजोबांना उद्या वर्गात घेऊन या."

आजोबा आले. ताठ बसले. मनोरे पडताना बघत राहिले. निघताना त्यांना एक चप्पल सापडेना, तेव्हा इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "घ्रंबूळ." वर्गातलं एकही मूल कमी झालं नाही.

दातकाकांच्या डोक्यात मात्र दुसरंच घुमत होतं. संध्याकाळी बाई सतरंज्या आवरत होत्या, तेव्हा ते म्हणाले, "तू 'राहू द्या' म्हणतेस ना, ते फार लागतं गं."

बाई थांबल्या. "म्हणावं लागतं, तेव्हा मलाही लागतं."

दातकाकांनी सतरंजीचं दुसरं टोक धरलं. एवढी वर्षं ते टोक त्यांची वाटच बघत होतं. धड घडी घालता येईना, पण बाईंनी त्यांना टोक सोडायला सांगितलं नाही.

मग त्यांनी तो प्रसंग पुन्हा लिहिला. पाइप फुटतो, कामगार घ्रंबूळ घ्रंबूळ म्हणून आकाश डोक्यावर घेतात. मग मुकादमबाई (आता ती बाई होती) पुढे येते, त्यांच्या हातातला पाना घेते आणि म्हणते, "राहू द्या. मी बघते." आणि शनीवर चिडीचूप.

संपादकांचा फोन आला. "घ्रंबूळ काय गोड आहे हो! नातवंडांनी घर डोक्यावर घेतलंय. मुलांचं पुस्तक म्हणूनच काढू या. फक्त त्या मुकादमबाईंचं वाक्य तेवढं काढा. आमच्या हिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, 'हे तुम्हाला आत्ता कळलं?' तेव्हापासून बोलत नाही. इतकं जहरी मुलांना नको. काहीतरी सौम्य घाला."

दातकाका सौम्य वाक्य शोधत बसले. लिहिलं, खोडलं, पेन चावलं. बाई मागून बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी पेन काढून घेतलं.

"राहू द्या. मी बघते."

त्यांनी लिहिलेलं वाक्य संपादकांना भलतंच आवडलं. "वा! हे तुम्हाला आधीच कसं नाही सुचलं?" ते म्हणाले.

छापील पुस्तकात आता पाइप फुटल्यावर मुकादमबाई म्हणते, "अरेरे, फारच गैरसोय झाली."