शंकरमामांचा डबा पोचला

शंकरमामांकडे एक लिंबू मागा, दोन येतात. तीही दोन गाड्यांनी. एक हिंगोलीवरून, दुसरं औंढ्यावरून. "एका गाडीच्या भरवशावर राहिलं की तकलीफ बराबर होते," असं त्यांचं म्हणणं.

मामा नात्याने माझे कोणी नाहीत. वारंगा फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे आणि मी हिंगोलीकडच्या गोरेगावात मास्तर. लॉकडाऊनमध्ये आईच्या शुगरच्या गोळ्या नांदेडहून यायच्या बंद झाल्या, तेव्हा या माणसाने दुधाची गाडी, भाजीचा टेम्पो अशी साखळी जुळवून त्या घरपोच केल्या. नुसत्या आईच्याच नाही, साऱ्या गावाच्या. ड्रायव्हर सगळे ओळखीचे, कारण प्रत्येकाचं टायर कधी ना कधी मामांच्या हाताखालून गेलेलं.

लॉकडाऊन उठला, पण साखळी मोडायला मामांचं मन होईना. त्यांनी तिच्यावर लोणची, चष्मे, लग्नपत्रिका आणि एकदा तर चक्क जिवंत कोंबडी चढवली. पुतणीच्या लग्नासाठी मी फेटा मागवला, तर दोन आले. फोन करून म्हटलं, "मामा, नवरदेव एकच आहे."

"एकच?" मामा खरोखर काळजीत पडले. "असं काहून केलं सर तुमी?"

पुढे कुरिअरवाले दारात यायला लागले आणि मामांना कोणी काही पाठवायला सांगेनासं झालं. तरी त्यांचा एक स्टीलचा डबा रोज दुपारी जीपने माझ्याकडे यायचा. मी 'पोचला' असा फोन करायचा आणि डबा परतीच्या जीपमध्ये ठेवायचा. साखळी चालती राहायला पाहिजे, असं मामा सांगायचे. एक दिवस राहवलं नाही, झाकण उघडलं.

"मामा, डबा तर रिकामा आहे."

"मला ठाव हाय. पोचला ना?"

"पोचला."

"मंग बास. आई बऱ्या हायेत ना? तुमी जेवले का?"

मामी जाऊन वर्ष झालेलं, पोरगं पुण्यात. त्या डब्यापायी वाटेतल्या माणसांचे तीन-चार फोन येत, तेवढंच मामांशी कोणी बोलत असे. आणि मी रोज एक शब्द टाकून फोन ठेवत होतो. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जीप यायच्या आधीच मी फोन लावला.

"काहून सर? डबा अडकला का कुठं?"

"नाही मामा. सहजच केला."

मामांच्या मागे हवा भरायच्या मशीनचा आवाज येत होता.

"थांबा सर," ते हळूच म्हणाले, "मशीन बंद करून येतो."