पाठाच्या दिवशीचं दही

दुबईत देराच्या ऑफिसात एका बड्या अमिराती ग्राहकासमोर मी अर्धा तास टाइल्सच्या दरांवर अत्यंत गंभीरपणे बोललो. तो माझ्या चेहऱ्याकडे कमी आणि खिशाकडे जास्त बघत होता. मला वाटलं, पेन आवडलेलं दिसतंय. निघताना मोठ्या मनानं मी ते काढून त्याला देऊ केलं, तर त्यानं नुसतं बोट दाखवलं. माझ्या खिशावर एक सोनेरी चांदणी चिकटलेली होती आणि तिच्यावर इंग्रजीत छापलं होतं, ‘मी माझा डबा संपवला.’

ही करणी वसुधावहिनींची. सकाळी लिफ्टमध्ये त्यांनी कालच्या डब्याची चौकशी केली, मी ‘संपवला’ म्हणालो आणि त्यांनी खिशावर काहीतरी थोपटलं. मी माया समजलो.

शारजाला, अल नहदात, त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. वय सत्तेचाळीस, हुद्दा विद्यार्थी-शिक्षिका. लग्नाआधी साताऱ्यात थोडे दिवस पहिलीचा वर्ग सांभाळला होता. मग दिलीपरावांमागून इकडे आल्या, लेक वाढवली. ती लेक, सई, पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आणि वहिनींनी शिक्षिकेचा कोर्स लावला. जवळच्या एका प्राथमिक शाळेत त्यांचे सरावपाठ सुरू झाले आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगची पहिली इयत्ता झाली.

सकाळी लिफ्टपाशी त्या आम्हाला उंचीप्रमाणे उभं करतात. “यल्ला, चलो, छोटे आगे!” त्यावर केरळचा अकाउंटंट, पेशावरचा खानसाहेब, इजिप्तचा दातांचा डॉक्टर, सगळे निमूट सरकतात. माझा नंबर कायम पहिला असतो, यावर अधिक बोलत नाही. वॉचमननं दार वेळेत उघडलं की “शाब्बास, टाळ्या!” आणि टाळ्या वाजेपर्यंत त्या जागच्या हलत नाहीत. माझा मुलगा “डॅड, शी इज सो वीअर्ड” म्हणत जिन्यानं उतरतो. दिलीपराव रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात असतात, तिथेच राहतात आणि सुट्टीला घरी येतात. सोमवारी पहाटे परत जाताना त्यांच्याही शर्टावर चांदणी असते. ते ती काढत नाहीत, हे मात्र मी पाहिलंय.

तर वहिनींचा परीक्षेचा पाठ ठरला. विषय वजाबाकी. हा पाठ चांगला झाला तर पुढच्या टर्मपासून असिस्टंट म्हणून ठेवून घेऊ, असं शाळेनं सांगितलं होतं. वहिनी मला म्हणाल्या, “पगाराचं सोडा हो भाऊजी. मला सकाळी उठून कुठेतरी जायचंय.”

पाठासाठी त्यांनी पुठ्ठ्याचं खजुराचं झाड केलं होतं. ते टॅक्सीत मावेना, म्हणून माझी गाडी, आणि गाडीबरोबर हमाल म्हणून मी. शाळेनं माझ्या गळ्यात पाहुण्याचा बिल्ला अडकवला. झाड वर्गात पोचवल्यावर सुपरवायझर मॅडमनी मला मागची एक खुर्ची दाखवली. खुर्ची पहिलीतल्या मुलाची. बसलो तो बसलोच.

पण पाठ काय झाला! वहिनी झाडावरचे खजूर तोडायच्या, मुलं उरलेले मोजायची, आणि चुकलं तरी टाळ्या. सुपरवायझर मॅडमसुद्धा हसत लिहीत होत्या. शेवटी छोटी परीक्षा होती. त्याआधी वहिनींनी मुलांना रांगेत उभं करून हात स्वच्छ आहेत का ते दाखवायला सांगितलं. सगळ्यांनी तळवे पुढे केले. वहिनी क्षणभर थांबल्या. मग त्यांनी पर्समधून एक स्टीलची डबी काढली आणि एकेका तळव्यावर चिमूटभर दही-साखर ठेवत गेल्या.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. परीक्षा म्हटल्यावर दही आलंच. खरं सांगायचं तर खुर्चीनं सोडलं असतं तर मीही रांगेत उभा राहिलो असतो.

सुपरवायझर मॅडम ताडकन उठल्या. त्या शाळेत दुसऱ्याच्या मुलाला साधं बिस्किटही द्यायचं नाही. कुणाला कशाची ॲलर्जी असेल सांगता येत नाही. नियम वर्गाच्या दारावरच लावलेला होता. चार मुलांचे तळवे तोवर चाटून झाले होते. सुदैवानं कुणाला काही झालं नाही. पण पाठ पुन्हा घ्यावा लागेल आणि नोकरीचं नंतर बघू, असं मॅडमनी सांगितलं. आवाज अजिबात न चढवता सांगितलं, त्यामुळे जास्तच लागलं.

परत येताना झाड मागच्या सीटवर आडवं पडलं होतं. हवा हलकी करावी म्हणून मी म्हटलं, “वहिनी, दारावरचा नियम वाचला नव्हता की काय? आता तुमची चांदणी गेली.”

त्यांनी पर्समधून ती स्टीलची डबी काढून मांडीवर घेतली.

“आज सईचा पेपर होता, भाऊजी.”

मग हळूहळू सगळं कळलं. सईचा पेपर असला की सकाळी व्हिडिओ कॉल होतो. सई तिकडे पुण्यात हात पुढे करते, वहिनी इकडे चमचा फोनपुढे धरतात आणि तिच्या वाटचं दही स्वतः खातात. आज सई रिक्षात होती. “आई, नॉट नाऊ, आय ॲम लेट,” म्हणून तिनं फोन ठेवला. कालवलेलं दही तसंच राहिलं.

“टाकवेना. डबीत भरलं,” वहिनी म्हणाल्या. “आणि मग त्या पोरांनी हात पुढे केले हो.”

संध्याकाळी हा सगळा किस्सा मी बायकोला सांगितला. खुर्चीचं रंगवून सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हसली नाही.

“उद्या तुमची मीटिंग आहे ना?” तिनं विचारलं.

“आहे. पण रोजचीच, तिच्यात काय एवढं?”

“निघताना समोरची बेल वाजवा. फार महत्त्वाची आहे म्हणून सांगा, आणि हात पुढे करा.”