मागून बोलणारे गृहस्थ

धरणेंद्र मगदूमांनी चहा सोडायला नकार दिला, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

चातुर्मासात काहीतरी नियम घ्यायचा, ही त्यांच्या घरातली रीत. कुणी गोड सोडतं, कुणी हिरवी भाजी. सांगलीच्या मंदिरात मुनिमहाराजांच्या दर्शनाला जाताना त्यांच्या पत्नी गुणमालाबाईंनी वाटेतच विषय काढला.

"यंदा चहा सोडा."

"चहा सोडला तर मला घर सोडावं लागंल."

"मग मोबाईल सोडा. सांज झाली की त्यात तोंड घालून बसताय."

धरणेंद्रांनी मनातल्या मनात हिशेब केला. जेवण दिवस मावळायच्या आत, झोप नऊला. मधल्या दोन तासांपुरता मोबाईल गेला तर काय बिघडतं? त्यांनी महाराजांपुढे हात जोडून नियम घेतला : चातुर्मास संपेपर्यंत सूर्यास्तानंतर पडद्याकडे पाहणार नाही. (शेजारच्या भाऊसोंनी तीस वर्षांची तंबाखू सोडली होती. त्यांच्या मानाने धरणेंद्रांना आपला नियम म्हणजे सवलतीत मिळालेला माल वाटला.)

बरोबर आठव्या दिवशी धरणेंद्र ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये बावीस वर्षं सुपरवायझर होते, तिथं मालकांच्या पुतण्याला मॅनेजर नेमलं. जयराज त्याचं नाव. वय सव्वीस. हळद आणि बेदाणा यांतला फरक त्याला रंगावरून कळत असे, इतकंच. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "काका, रोज सकाळी मला रिपोर्ट द्यायचा."

त्या दिवसापासून धरणेंद्रांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. बाहेरच्या सोप्यातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून सोपा. गुणमालाबाई भाकरी थापताना म्हणायच्या, "जरा बसा. तुमच्या वाऱ्यानं चूल विझंल." गॅस होता तरी म्हणायच्या.

मग कराडहून कॉलेजातल्या दोस्ताचा, पृथ्वीराजचा फोन आला. तो आता एका निर्यात कंपनीच्या शाखेचा प्रमुख होता.

"गड्या, गोदाम प्रमुखाची जागा निघालीय. माणूस तूच पायजेस. फकस्त वरच्या हापिसाचा नियम हाय, एमबीए पायजे. न्हाईतर निदान प्रवेश घेतल्याचं पत्र."

"सत्तेचाळिसाव्या वर्षी एमबीए?"

"ऑनलाईन असतंय रं. घरात बसून. महिनाअखेरपर्यंत पत्र आण, जागा तुझी."

धरणेंद्रांनी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या आणि नऊ संस्थांची माहिती अकरा रकान्यांत भरायला घेतली. मान्यता, मुदत, फी, परीक्षा कुठे, पुस्तकं घरपोच की नाही. भरता भरता त्यांच्या लक्षात आलं, की नोकरदारांसाठीचा अभ्यासक्रम म्हणजे सगळ्यांचे वर्ग रात्री आठ ते दहा. त्यांनी बारावा रकाना आखला : सूर्यास्त.

संस्थांचे समुपदेशक दिवसातून चार वेळा फोन करत. धरणेंद्र प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत.

"तुमच्याकडं दिवस मावळायच्या आत शिकवतात का?"

"सर," एक मुलगी गोंधळून म्हणाली, "सोलरचा कोर्स आमच्याकडे नाहीये."

शेवटी अकरा रकाने बाजूला पडले आणि बाराव्यावर निर्णय झाला. एका संस्थेत रात्रीचा वर्ग दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायची सोय होती, शिवाय मुलाखत मराठीतून. अर्ज भरला, फीही आगाऊ भरली. उत्तर आलं : मुलाखत गुरुवारी, संध्याकाळी सात वाजता, व्हिडिओवर. महिनाअखेरच्या आतली तेवढी एकच वेळ शिल्लक होती.

आश्विन महिना. दिवस साडेसहाच्या आत मावळत होता.

"नियम मोडायचा न्हाई," गुणमालाबाईंनी आधीच सांगून टाकलं.

"मोडत न्हाई गं. पण नियम बघायचा न्हाई असा हाय. ऐकायचं आणि बोलायचं न्हाई, असं कुठं म्हटलंय?"

गुणमालाबाईंनी विचार केला. "तेवढं चालंल. डोळं मिटून बोला."

बुधवारी दुपारी रंगीत तालीम झाली. धरणेंद्र डोळे मिटून बोलू लागले.

"कसं वाटतंय?"

"झोपंत बडबडल्यावाणी."

मग दुसरी युक्ती ठरली. गुणमालाबाईंनी मोबाईल धरून बसायचं आणि धरणेंद्रांनी त्यांच्या मागे, पाठीला पाठ लावून, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उत्तरं द्यायची. उत्तरं आवाजानं देतात, पाठीचं काय एवढं, असं त्यांनी स्वतःला पटवलं. मोबाईल मात्र गुणमालाबाईंचा घ्यायचा. धरणेंद्रांच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात इतक्या वर्षांची हळद शिरली होती, आणि त्यातून चांगली धडधाकट माणसंही काविळीची दिसत.

गुरुवारी सात वाजता फोन जोडला गेला. गुणमालाबाईंनी तो चारचौघी धरतात तसा, स्वतःच्या तोंडासमोर धरला. पदर सारखा केला.

पडद्यावर दोन प्राध्यापक होते. त्यांना समोर एक बाई दिसल्या आणि खाली नाव दिसलं : गुणमाला धरणेंद्र मगदूम. त्यांच्या कागदावर होतं धरणेंद्र मगदूम. अर्ज भरताना बाईंनी स्वतःचं नाव गाळून नवऱ्याचंच तेवढं लिहिलं, असा त्यांनी सोयीचा अर्थ लावला.

"नमस्कार मॅडम. सुरुवात करू या?"

"करा की," गुणमालाबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, फोन धरणाऱ्यालाही विचारायची पद्धत असेल.

"दोन वरिष्ठांनी तुम्हाला एकाच वेळी उलटसुलट सूचना दिल्या, तर तुम्ही काय कराल?"

हा प्रश्न धरणेंद्रांनी पाठ केला होता. कॅलेंडरवरच्या चतुर्थीकडे पाहत त्यांनी घसा साफ केला आणि खड्या आवाजात सुरू केलं, "सर्वप्रथम, संबंधित घटकांच्या अपेक्षांचं वर्गीकरण करून..."

"मॅडम, थांबा. तुमच्या मागून कुणीतरी उत्तरं सांगतंय."

"व्हय, ते..."

"हे नियमात बसत नाही. त्या गृहस्थांना खोलीबाहेर जायला सांगा."

"अहो सर, मीच तो..." धरणेंद्र मागून ओरडले.

"आणखी एक शब्द ऐकू आला, तर अर्ज बाद होईल!"

बोलावं तर अर्ज बाद, आणि न बोलावं तर बोलणार कोण? वळून हात करावा, तर समोर पडदा आणि नियम. डोळ्यांपुढे एकदम कराड आलं, आणि त्यामागून "काका, रिपोर्ट" म्हणणारा जयराज. ते भिंतीकडे तोंड ठेवून, खेकड्यासारखे आडवे सरकत दाराबाहेर पडले आणि व्हरांड्यात खिडकीला कान लावून उभे राहिले.

"सर, अर्ज त्यांचा हाय..." आत गुणमालाबाई सांगू पाहत होत्या.

"मॅडम, आणखी बारा उमेदवार थांबलेत. प्रश्नाचं उत्तर द्या."

गुणमालाबाईंनी एक सुस्कारा सोडला. आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. उत्तराचंही तसंच.

"सासूबाई म्हणतात शेवग्याची आमटी कर, मामंजी म्हणतात पिठलं कर. मी माझ्या मनात असतंय ते करते. आणि दोघांस्नी निरनिराळं गाठून सांगते, तुमीच म्हटला म्हणून केलं बघा."

पलीकडून लिहिल्याचा आवाज आला.

"माल खराब निघाला म्हणून गिऱ्हाईक भांडायला आलं तर?"

"आदी बसवायचं, पाणी द्यायचं. मग पोटभर बोलू द्यायचं. माणूस बोलून दमला की निम्मं भांडण तिथंच मिटतंय. उरलेल्या निम्म्याला माल बदलून द्यायचा. आमच्या मंडळाच्या पापडाचं आमी असंच करतो."

"शेवटचा प्रश्न. या वयात नोकरी का बदलायचीय?"

खिडकीबाहेर धरणेंद्रांनी कान आणखी टेकवला. या प्रश्नाला त्यांचं दीड पानांचं उत्तर तयार होतं. नेतृत्व होतं त्यात, क्षितिजं होती.

गुणमालाबाईंनी मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "बावीस वर्षं एकाच गोदामात गेली, सर. कुठल्या पोत्याला ओल लागलीय हे नुसत्या वासावरनं कळतंय. आता कालचं पोर येऊन विचारतंय, रिपोर्ट कुठाय. पगाराचं न्हाई एवढं. पण घरात रोज येरझाऱ्या चाललेल्या असतात, त्या बघवत न्हाईत."

"येरझाऱ्या कोण घालतं?"

"तेच. आत्ता बाहेर हाकलला न्हवं, ते."

धरणेंद्रांना एकदम भरून आलं. तेवढ्यात भाऊसो कुंपणापलीकडून म्हणाले, "का रं, घरातनं हाकलला व्हय?"

शुक्रवारी सूर्य पुरता वर आल्यावर धरणेंद्रांनी मोबाईल उघडला. प्रवेश मंजूर! पण पत्राच्या खाली अभिप्रायाची एक चौकट होती. ती वाचून त्यांनी तातडीने संस्थेला सविस्तर, तारीखवार कबुलीजबाब पाठवला : मागून बोलणारा इसम हाच खरा अर्जदार असून उत्तरं त्याच्या धर्मपत्नीने दिलेली आहेत, तरी योग्य तो निर्णय व्हावा. तिसऱ्या मिनिटाला उत्तर आलं : "काही हरकत नाही सर, फी पोहोचली आहे. सीट आपलीच. अभिप्राय मात्र सिस्टीममध्ये बदलता येत नाही. अभिनंदन!"

शनिवारी ते पत्र घेऊन धरणेंद्र कराडला गेले. एसटीत बसायला जागा होती, तरी ते निम्मी वाट उभेच राहिले. पृथ्वीराजने पत्र हातात घेतलं आणि चौकटीपाशी येऊन मोठ्याने वाचलं.

"'अर्जदाराचं व्यवहारज्ञान असाधारण आहे. माणसं हाताळण्याचं कसब वाखाणण्याजोगं. मात्र मागून सूचना करणाऱ्या गृहस्थांच्या सल्ल्यापासून अर्जदाराने कायम दूर राहावं.' वा रं वा! एवढं कौतुक कुणाचं करत न्हाईत ही लोकं. पण हे मागनं बोलणारं कोण?"

धरणेंद्र खोटं बोलत नसत. ते खुर्चीत चुळबुळले.

"आमच्या घरातलाच हाय एक."

"मेव्हणा?"

"न्हाई. त्याच्यापेक्षा जवळचा."

"लय लुडबुड करतोय?"

"करतोय जरा. मनानं चांगलाय."

"मनाला काय करायचंय? असली माणसं घराघरांत असतात गड्या, दुसऱ्याचं वाटोळं करत्यात." पृथ्वीराजने पत्रावर सही केली, शिक्का मारला आणि उठून धरणेंद्रांचा हात हातात घेतला. "एक तारखेपासून रुजू हो. आणि माझं ऐक, त्याला तेवढा सांगलीतच ठेवून ये."