भाईंच्या बिनदुधाच्या वड्या

आमच्या शेजारचे भाई परब दुधाची उलटतपासणी घेतात. लग्नात कुणी चहा पुढे केला की कपात डोकावून पहिला प्रश्न, "म्हशीचां काय गायीचां?" समोरचा अडखळला की कप परत. एकदा त्यांनी साक्षात वरमाईलाच आरोपीसारखं उभं केलं होतं. ती बिचारी घाबरून म्हणाली, "पिशवीचं."

"पिशवी दूध देता?" भाईंनी विचारलं आणि अख्ख्या पंगतीला ठसका लागला.

त्यांचं तरी काय चुकलं? माणसाची सगळी नोकरी आरे कॉलनीतल्या डेअरीत गेली. आम्ही अंधेरीची पोरं तेव्हा आरेत फक्त सहलीला जायचो, भाई मात्र रोज त्या झाडीतून बसने जायचे आणि म्हशींची खुशाली घेऊन यायचे. नातेवाइकांची कधी विचारली नसेल. आणि निकालाच्या दिवशी त्यांच्या घरी काकींच्या चॉकलेट वड्या! दूध पावडर, कोको, साखर आणि हात सैल सोडून तूप. पास झालेल्याला एक, नापास झालेल्याला दोन. गणिताच्या कृपेने मी बऱ्याच खाल्ल्या. आज पन्नाशीला टेकले तरी भाई मला 'चेडू', म्हणजे पोरगीच, म्हणतात, आणि ती चव अजून माझ्या टाळूला चिकटलेली आहे.

काकी गेल्या. मुलगा आणि सून मानसी मुलुंडला राहायला गेले. आणि नियतीचा विनोद बघा, या दूधसम्राटाच्या नातीला, आमच्या ओवीला, दूधच चालेना! थेंबभर पोटात गेलं तरी अंगभर गांधी उठतात, श्वास लागतो. त्यामुळे ती आजोबांकडे येते ती स्वतःचा डबा घेऊन. चार घास खायचे, खेळायचं आणि संध्याकाळी परत.

गेल्या वर्षी तिने हट्ट धरला, "सुट्टीत मी आजोबांकडेच राहणार." मानसी हळूच म्हणाली, "बघू. आधी बाबांच्या हातचं काहीतरी खाऊन तर बघू."

झालं! भाईंनी पदर खोचला. म्हणजे लुंगी. ओवीला तिच्या आजीच्या वड्या खिलवायच्या, पण बिनदुधाच्या.

पुढचा महिनाभर मी त्यांची परीक्षक होते. दिवसाआड दार वाजायचं. "चेडवा, तोंड उघड!" बदामाच्या दुधाची वडी आली. आपण होऊन भाईच म्हणाले, "ह्यां दूध नाय गो, बदामाचो घाम." सोयाबीनच्या वडीला ओल्या पोत्याचा वास होता. ओटच्या दुधाची वडी जमलीच नाही, ती आम्ही वाटीने प्यायलो. काजूची बरी होती, पण खलबत्त्यात घालावी लागली. बाजारातून त्यांनी 'व्हीगन' चॉकलेटही आणलं. एक तुकडा चघळून म्हणाले, "ह्यात दूध नाय, तां ठीक. पण चॉकलेट खंय आसा?"

शेवटी मालवणी रक्त जागं झालं. नारळ खवला, दाट रस काढला, साखर आणि कोको घालून आटवला. मी वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. अगदी काकींची नव्हे, पण काकींच्या सख्ख्या बहिणीची म्हणावी अशी!

"झकास, भाई!"

"रडतंस कित्याक मगे?"

रविवारी ओवी आली. भाईंनी त्या दिवशी काकींचा सागवानी पोळपाट काढला होता. त्यावर थापलेल्या वड्या, एकीचाही कोपरा तुटलेला नाही. ओवीने एक उचलली.

मानसी कौतुकाने म्हणाली, "बाबा, किती अल्लद सुटल्यात! माझ्या तर चिकटून बसतात. पोळपाटाला काय लावलंत?"

"तूप," भाई ऐटीत म्हणाले. "दुसरां काय लावतत?"

आम्ही सगळे थिजलो. ओवीने आ केला होता. भाईंनी झडप घालून तिच्या हातातली वडी ओढली आणि घाईघाईत स्वतःच्याच तोंडात कोंबली. पोरीने भोकाड पसरलं. "आजोबांनी माझी वडी खाल्ली!"

मानसीने ओवीचे हात साबणाने धुतले आणि पिशवीतून डबा काढला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

नंतर बरेच दिवस भाईंनी माझं दार वाजवलं नाही. मग एका सकाळी वाजलं. हातात तुपाची बरणी, दुधाचं पातेलं, विरजणाचा सट आणि काखेत तो पोळपाट.

"ह्यां सगळां तुका. दूधवाल्याकही सांगलंय, उद्यापासून नको."

"आणि तुमचा चहा?"

"कोरो." तो शब्द उच्चारतानाच त्यांचं तोंड कडू झालं. "चेडवा, वडी थापायची म्हटलां की हात आपसूक तुपात जाता. ह्या वयात त्याका काय शिकवू? घरात तूपच नसलां, तर लावतलो काय?"

"मानसीला सांगितलंत?"

"सांगलंय. येऊन बघते म्हणाली."

मी पोळपाटावरून हात फिरवला. काकींचा हात फिरून फिरून तो मधोमध गुळगुळीत झाला होता. "भाई, हा तरी राहू दे. धुऊन ठेवा."

"लाकूड आसा तां. तिचां तूप मुरलांय त्यात, धुऊन जाऊचां नाय." ते वळले, आपल्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. "नुसतो ठेवू नको. पोळ्या लाट त्याच्यावर. एक पाय आखूड आसा त्याचो, लाटताना खडखडता. सकाळी सकाळी तोच आवाज असायचो आमच्याकडे."

"बरं."

"दार उघडां ठेव तेव्हा," भाई म्हणाले आणि कोरा चहा करायला आत गेले.