मागच्या बाकावरचे सर

निवेदिताला दहावीला गणितात शंभरपैकी शंभर पडले आणि घरातली शांतता गेली.

तिचे वडील हेमचंद्र सर भिंगारच्या शाळेत गणित शिकवून मे महिन्यात निवृत्त झाले होते. पण शाळेच्या अकरावी-बारावीला गणिताचा दुसरा शिक्षकच मिळेना, म्हणून संस्थेने त्यांना तासांवर थांबवून घेतलं होतं. मुलगी शाळेतच अकरावी करणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. निवेदिताला मात्र नगरच्या कॉलेजात जायचं होतं.

"तिथं डिग्रीचे प्राध्यापक अकरावीला येतात, बाबा. शनिवारी पुढच्या गणिताचा वेगळा तास असतो."

"पुढचं गणित मागचं पक्कं झाल्यावर."

"माझं मागचं कच्चं आहे?"

"असं मी म्हटलं नाही. तू पायऱ्या गाळतेस."

"शंभर पडलेत मला."

"तपासणारा दयाळू असेल."

खरं कारण तिने सांगितलंच नव्हतं. शाळेत तिला पैकीच्या पैकी पडले की पोरं म्हणायची, पेपर घरातच निघतो. एखादा गुण गेला की म्हणायची, सरांची मुलगी असून? पाचवीपासून तिने एकही गणित स्वतःच्या नावावर सोडवलेलं नव्हतं. पण हे वडिलांना तोंडावर कसं सांगायचं? म्हणून ती शनिवारच्या तासाचं गुणगान गात राहिली.

शेवटी कॉलेजने दहावी झालेल्या मुलांसाठी नमुन्याचा तास ठेवला, तेव्हा सर म्हणाले, "मीपण येतो. बघून तर ठरवू."

"या. पण मागच्या बाकावर बसायचं. तोंड उघडायचं नाही. आणि मी तुमची कोणी नाही."

"मंजूर."

आईचा त्यांच्या मंजुरीवर विश्वास नव्हता. निघताना तिने त्यांच्या हातावर मूठभर बडीशेप ठेवली. "अहो, ही चघळत बसा. तेवढंच तोंड गुंतून राहील."

तास घ्यायला आले ते प्राध्यापक रिझवान. तरुण, इस्त्रीचा शर्ट, आवाज खणखणीत. दोनाचं वर्गमूळ अपरिमेय असतं, हे सिद्ध करायला त्यांनी घेतलं. फळ्यावर चार ओळी झपाझप उतरल्या. पोरं सावरून बसली. निवेदिताच्या शेजारी फलक नावाची मुलगी होती, श्रीरामपूरहून मामांकडे शिकायला आलेली. ती हळूच म्हणाली, "भारी शिकवतात ना?" निवेदिताला वाटलं, जमलं आपलं.

तेवढ्यात मागून खोकण्याचा आवाज आला.

रिझवानसरांनी वळून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दहा-पंधरा वर्षं गळून पडली. शेवटच्या बाकावर त्यांचे शाळेतले हेमचंद्र सर बसले होते. सरांची एक पद्धत भिंगारमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. फळ्यावर मूल चुकलं की ते बोलत नसत, नुसतं खोकत. मुलाने मुकाट्याने ती ओळ पुसायची आणि पुन्हा विचार करायचा.

रिझवानसरांनी चौथी ओळ पुसली.

ती ओळ बरोबर होती. सरांच्या घशात बडीशेपेचा दाणा अडकला होता, एवढंच. ओळ पुसलेली पाहून ते 'नाही, नाही' म्हणायला गेले आणि दाणा आणखी खाली सरकला. या वेळी ठसका मोठा होता. रिझवानसरांनी तिसरी ओळ पुसली. मग दुसरी. सर लाल होऊन हात हलवत होते. त्याचा अर्थ रिझवानसरांनी 'अजून वर' असा घेतला. पहिली ओळ गेली. शेवटी फळ्यावर नुसता 'सिद्धता' हा शब्द उरला, आणि सर पुन्हा खोकले तसा तोही गेला.

"हे आजोबा कोण आहेत गं?" फलकने विचारलं.

"काय माहीत," निवेदिता म्हणाली.

रिझवानसरांनी खडू दोन्ही हातांत धरून पुढे केला. "सर, माझं कुठं चुकतंय तेच कळेना. तुम्हीच या."

कुणीतरी पाणी दिलं. दाणा गेला. सरांनी मान खाली घालून सांगितलं, "तुझं काहीच चुकलं नव्हतं रे, बाळा." पण खडू तोवर हातात आला होता, आणि हेमचंद्र सरांच्या हातात खडू आला की पुढचं त्यांच्या हातात राहत नसे.

निवेदिताने आधी मान खाली घातली. मग थोड्या वेळाने वर केली. घरात चष्मा शोधत फिरणारा, भाजीत मीठ कमी आहे हे तिसऱ्या घासाला कळणारा माणूस इथे दिसत नव्हता. प्रत्येक पायरीला ते थांबत, जणू पुढचं त्यांनाही आत्ताच सुचणार होतं. शाळेत त्यांच्या तासाला ती नेहमी आजूबाजूचे चेहरे बघत बसायची. आज तिला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून तिने पहिल्यांदा फळा बघितला.

"हे इथं असतील तर मी इथंच नाव घालते," फलक म्हणाली.

दारात प्राचार्या मोनिका मॅडम येऊन उभ्या होत्या. तास संपताच त्या म्हणाल्या, "सर, अकरावीची एक तुकडी घ्या ना आमची. रिझवानसरांवर फार भार आहे."

निवेदिताने वही मिटली. शाळेतही तेच, इथेही तेच.

"नको," हेमचंद्र सर म्हणाले. "माझी मुलगी इथे येणार आहे. तिला वर्गात बाप नकोय."

"तिने सांगितलं तसं?"

"सांगितलं नाही. पायऱ्या गाळायची सवय आहे तिला. मी भरून घेतो."

दोघं स्कूटरवरून परत निघाली. भिंगार आलं तेव्हा सर म्हणाले, "पहिली पसंती कॉलेजची टाक. रिझवान चांगला शिकवतो. मी खोकलो नसतो तर आणखी चांगला दिसला असता."

"मी शाळेतच येते, बाबा."

सरांनी स्कूटर बाजूला घेतली. "माझ्यासाठी नको हं."

"तुमच्यासाठी नाही. पण वर्गात तुम्ही मला अजिबात ओळखायचं नाही. बाकीच्यांसारखीच मी."

"अजिबात नाही," सरांनी शब्द दिला.

आणि पाळला. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला फळ्यावर बोलावलं. तिने मधल्या तीन पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहिलं. सर खोकले नाहीत. चष्मा काढून त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू उभ्या आयुष्यात तिला कधी पाहिलंच नव्हतं.

"नाव काय तुझं?"

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. निवेदिताने पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

"असं अर्धवट काम या वर्गात चालत नाही. उद्या वडिलांना घेऊन ये."

"आणायला नको, सर," निवेदिता म्हणाली. "ते रोज येतात."