थांबायची ओळ

सोमवारी योसेफ सर वारले. मंगळवारी त्यांना माती दिली. बुधवारी सात वाजता मुलं वर्गाला आली, कुलपाकडे बघत पायरीवर बसली आणि आठ वाजता उठली.

सर माझे शेजारी. देवळाली प्रवऱ्यात आमच्या घरांची भिंत एकच. दिवसा ते साखर कारखान्यात उसाच्या गाड्या मोजायच्या काट्यावर कारकून होते. संध्याकाळी पुढच्या खोलीत मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचे. "जोडधंदा हाय, गुरुजी. कुणी म्हशी पाळतं, मी पोरं पाळतो." मी मराठीचा निवृत्त मास्तर. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण कुतूहल दांडगं. खुर्ची टाकून त्यांच्या अंगणात बसायचो.

पहिला आठवडा संगणकाला हात लावायची बंदी असे. मुलांनी उसाच्या गाड्या व्हायचं, एकाने काट्यावर उभं राहून हुकूम सोडायचे. एके दिवशी काट्यावर कावेरी नावाची विद्यार्थिनी होती. "गाडी आली की माप, मग पुढं," एवढा हुकूम देऊन ती मोकळी झाली. गाड्या पेरूच्या झाडाला वळसा घालून पुन्हा काट्यावर येऊ लागल्या. सर आत चहा टाकायला गेले.

"सर, गाड्या संपंनात!"

"थांबायचं कवा, ते सांगितलंस का?"

"न्हाई."

"मग फिरू दे. कंप्युटरला अक्कल नसती, बाई. थांबायची ओळ आधी लिहायची."

"गुरुजी, तुमी तरी सांगा की सरांना!"

मी तोंड उघडलं, तोच आतून आवाज आला, "गुरुजी, तुमी प्रोग्रॅममधी न्हाई."

ही थांबायची ओळ त्यांना सगळीकडे लागे. रविवारी चर्चमधून उशिरा परतले की म्हणत, "पाळकांनी आज थांबायची ओळच लिहिली न्हवती."

मला एका गोष्टीचं मात्र नवल वाटायचं. वर्ग आठला सुटायचा, आणि आठ वाजत आले की चांगला चाललेला प्रोग्रॅम हमखास बिघडायचा. पडद्यावर आकडे धावत सुटायचे, थांबायचं नाव नाही. "चूक सापडल्याबिगर कुनी उठायचं न्हाई," असं बजावून सर भेळ कालवायला बसत. मुलं डोकी जुळवून शोधत राहत. घर नऊपर्यंत गजबजलेलं असे. सरांच्या पत्नी रूथबाई गेल्यापासून त्या घरात एरवी भांडं वाजलेलं मी ऐकलं नव्हतं.

एकदा मुलं माठाशी पाणी प्यायला गेली होती. सर पुढे वाकले, त्यांनी एक ओळ पुसली आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले. मी खिडकीतून पाहिलं.

त्या बुधवारी पायरीवरून उठणाऱ्या कावेरीला मी ते सांगितलं.

"आमाला पहिल्याच महिन्यात कळलं हुतं, गुरुजी. थांबायची ओळच गेलेली असायची. बघितलं की दिसायचं."

"मग तासभर शोधत काय होतात?"

तिने चपला पायात सरकवल्या. "सरांची भेळ व्हायची असायची ना."

सरांचा संगणक आता माझ्या पडवीत आहे. वर्ग कावेरी घेते. तो आठ वाजता सुटतो.